मेंदूज्वर आणि शाळेतील मूल

पावसाळ्यास आरंभ होऊन शेतीची कामे सुरू झाली, म्हणजे खेड्यापाड्यांत तापाचे रोगी वाढू लागतात. त्यांपैकी बहुतेकांचा ताप चार-सहा दिवसांत उतरतो आणि मूल पुन्हा दप्तर घेऊन शाळेत येते. त्यामुळे मुलास ताप आला आहे एवढे ऐकून कोणी विशेष विचलित होत नाही. परंतु तापांच्या ह्या गर्दीत एक प्रकार असा आहे की, तो सकाळी साध्या तापासारखा दिसतो, दुपारी मुलास झटके येतात आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी जीव धोक्यात येतो. जी मुले वाचतात, त्यांपैकी काहींच्या स्मृतीवर, अवधानावर व स्वभावावर त्याची खूण राहते. ह्या आजारास मेंदूज्वर असे म्हणतात. तो होण्याची कारणे अनेक आहेत. कीटकांच्या चाव्यातून शरीरात शिरणारे विषाणू हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय.

प्रस्तुत लेखात ह्या विषयाचा विचार शिक्षकाच्या दृष्टीने करावयाचा आहे. कारण ह्या रोगात दोन प्रसंग असे येतात की, तेथे डॉक्टर जवळ नसतो, पण शिक्षक असतो. पहिला प्रसंग रोगाच्या आरंभीच्या काही तासांचा, आणि दुसरा रोग बरा झाल्यानंतरच्या कित्येक महिन्यांचा. पहिल्यात मुलाचा जीव पणास लागलेला असतो, दुसऱ्यात त्याचे शिक्षण.

चांदीपुऱ्याची हकीकत

ह्या रोगाच्या इतिहासात महाराष्ट्रातील एका वस्तीचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ पसरली होती. तिचा शोध घेण्यासाठी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्या वेळी चांदीपुरा येथील दोन रोग्यांच्या रक्तात पूर्वी कोणासही ठाऊक नसलेला एक विषाणू आढळला. गावाच्या नावावरून त्यास चांदीपुरा विषाणू असे नाव देण्यात आले. १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ह्या नावाने प्रसिद्धीस आले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या अलर्क रोगाचा विषाणू ज्या कुलातील आहे, त्याच कुलातील हा विषाणू होय.

पुढे कित्येक वर्षे ह्या विषाणूची गणना किरकोळ ताप आणणाऱ्यांत होत असे. ही समजूत २००३ साली पार बदलली. त्या वर्षी आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची मोठी साथ आली. नोंद झालेल्या ३२९ बालकांपैकी १८३ बालके दगावली, आणि तपासणीत चांदीपुरा विषाणू हे त्या साथीचे कारण असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या काही भागांतही हा रोग आढळला. २००४ साली गुजरातच्या पूर्व भागात, तर २००७ साली नागपूर विभागात तो पुन्हा उद्भवला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने मोठे थैमान घातले. त्या वर्षी जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात, मुख्यत्वे गुजरातेत, तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रोग्यांची नोंद झाली व त्यांपैकी ८२ जणांचा मृत्यू झाला. ६४ रोग्यांमध्ये चांदीपुरा विषाणू असल्याचे प्रयोगशाळेत निश्चित झाले.

नंदुरबार जिल्ह्याची सीमा गुजरातेस लागून आहे. नवापूर, तळोदा व अक्कलकुवा तालुक्यांतील लोकांचे बाजारहाट, सोयरिकी व मजुरी ह्यांनिमित्त तिकडे नित्य जाणे-येणे असते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह स्थलांतर करतात. शिवाय ज्या प्रकारच्या घरांत ह्या रोगाच्या कीटकास आसरा मिळतो, तशी घरे आपल्या सातपुड्याच्या पाड्यांवरही आहेत. सबब हा रोग दुसऱ्याच्या मुलुखातील आहे असे मानून स्वस्थ बसणे योग्य होणार नाही.

कीटक कोणता व तो कोठे राहतो

चांदीपुरा विषाणूचा प्रसार मुख्यतः वाळूमाशीमुळे होतो. १९६९ च्या सुमारास तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पकडलेल्या वाळूमाश्यांत हा विषाणू सापडला होता. नावावरून ही माशी वाळूत राहते असे समजू नये. ती डासाहूनही लहान, केवळ दोन-तीन मिलिमीटर लांबीची, अंगावर लव असलेली असते. बसलेली असताना तिचे पंख वर उभारलेले दिसतात. तिला फार दूर उडता येत नाही. ती भिंतीवर छोट्या छोट्या उड्या मारीत पुढे सरकते. डासाप्रमाणे तिचा गुणगुणण्याचा आवाज येत नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती सहज आत शिरते. त्यामुळे ती घरात असून घरच्यांस तिचा पत्ता नसतो.

डासांप्रमाणे ती पाण्यात अंडी घालीत नाही. भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर माती, शेणाचे व पालापाचोळ्याचे ढीग, जात्याच्या किंवा कणगीच्या मागील अंधारा कोपरा ह्या तिच्या आवडीच्या जागा होत. दिवसा ती भेगांत दडून बसते आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बाहेर पडून चावते. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीचे घर, त्यास लागूनच गुरांचा गोठा आणि जमिनीवर उघड्या अंगाने निजलेली मुले, असा योग जेथे येतो तेथे तिचे फावते. हा दोष गरिबीचा आहे, कोणाच्या अस्वच्छ स्वभावाचा नव्हे; वर्गात हा विषय शिकविताना हे भान अवश्य ठेवावे.

मेंदूज्वराचा दुसरा विषाणू जपानी मेंदूज्वर ह्या नावाने ओळखला जातो. त्याचा प्रसार भातखाचरांसारख्या साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्यूलेक्स जातीच्या डासांमुळे होतो. बगळ्यांसारखे पाणपक्षी व डुकरे ह्यांच्या शरीरात हा विषाणू वाढतो, आणि डासांमार्फत तेथून तो माणसापर्यंत पोहोचतो. ह्या विषाणूचा संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांस काहीच त्रास होत नाही. अगदी थोड्यांच्या मेंदूस सूज येते. परंतु अशा थोड्यांची अवस्था कठीण होते. ह्या रोगावर परिणामकारक लस आहे, व ज्या जिल्ह्यांत तो वारंवार आढळतो तेथे शासनातर्फे ती बालकांस देण्यात येते. डेंग्यू व चिकुनगुन्या हेही डासांपासून होणारे विषाणूजन्य ताप होत; त्यांचा परिणाम क्वचित प्रसंगी मेंदूवर होतो. चांदीपुरा विषाणूवर मात्र अद्याप लसही नाही आणि खास औषधही नाही.

मेंदूत काय घडते

बोटास जखम होऊन सूज आली तर कातडी ताणली जाते व सुजेस जागा मिळते. मेंदूची गोष्ट निराळी आहे. तो कवटीच्या बंद पेटीत ठेवलेला आहे. विषाणू मेंदूत शिरला म्हणजे त्याच्या पेशी बिघडू लागतात. त्याचा प्रतिकार करण्यासाठी शरीराने केलेल्या धडपडीतूनही दाह उत्पन्न होतो. मेंदू सुजू लागतो, पण कवटी वाढू शकत नाही. मग दाब वाढतो, रक्तपुरवठ्यास अडथळा होतो, आणि श्वासोच्छ्‌वासाचे नियंत्रण करणाऱ्या भागावरही ताण पडतो. चांदीपुरा विषाणूच्या बाबतीत हे सर्व एका दिवसात घडू शकते, म्हणूनच त्यात तासांना महत्त्व आहे.

शरीराच्या एकूण वजनात मेंदूचा वाटा सुमारे पन्नासावा असला, तरी श्वासावाटे मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूस लागतो. झटके येत असताना ही गरज अधिकच वाढते. झटके फार वेळ चालले, प्राणवायू अपुरा पडला किंवा रक्तातील साखर उतरली, तर विषाणूने न केलेली हानी ह्या कारणांनी होते. विषाणूस मारणारे औषध नसतानाही रुग्णालयातील उपचारांचा उपयोग होतो तो ह्याच कारणाने. झटके थांबविणे, श्वास चालू ठेवणे, साखर व पाणी ह्यांचे प्रमाण राखणे आणि मेंदूची सूज कमी करणे ही कामे तेथे होऊ शकतात. घरी होऊ शकत नाहीत.

मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे आहेत. कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या भागास इजा झाली, तर नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. कपाळामागील भागास इजा झाली, तर लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही, कामाची आखणी जमत नाही. मेंदूच्या खोल भागातील केंद्रांस इजा झाली, तर हातपाय थरथरतात, ताठरतात, हालचाल मंदावते. जपानी मेंदूज्वरात हे विशेषेकरून दिसते. त्या रोगात मेंदूस सूज आलेल्यांपैकी जे वाचतात, त्यांच्यातील सुमारे तिसऱ्या हिश्शाहून अधिकांस असे काही ना काही व्यंग राहते, असा अनुभव आहे. चांदीपुरा विषाणूच्या तडाख्यातून वाचलेली पुष्कळ मुले चांगली बरी होतात. तथापि काहींच्या बाबतीत उणीव राहू शकते.

पहिले तास

मुलास एकाएकी खूप ताप चढला आणि त्याबरोबर पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसले, तर ते तातडीचे समजावे: झटके येणे, वारंवार उलट्या होणे, असंबद्ध बडबड करणे, घरच्या माणसांस न ओळखणे, हाक मारली असता जागे न होणे, मान ताठ होणे. सातपुड्याच्या भागात हिवतापही मेंदूवर जाऊ शकतो आणि त्याची लक्षणे अशीच असतात. त्यावर हमखास औषध आहे. पण ते वेळेवर मिळावयास हवे. कोणता ताप आहे ह्याचा निर्णय वर्गात किंवा ओट्यावर बसून करता येत नाही, तो रक्त तपासूनच करावा लागतो.

झटका आलेल्या मुलास सपाट जागी कुशीवर निजवावे, म्हणजे लाळ व उलटी श्वासनलिकेत जात नाही. गळ्याजवळचे कपडे सैल करावे. जवळचे दगड, बाक इत्यादी दूर सारावेत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी वा औषध काहीही घालू नये. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याने झटका थांबत नाही. त्यात वेळ मात्र जातो. झटका केव्हा सुरू झाला ती वेळ घड्याळात पाहून टिपून ठेवावी, कारण डॉक्टर प्रथम तेच विचारतात. अंगात ताप असल्यास कोमट पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. लहान मुलास ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. ह्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावे, व आशा कार्यकर्तीस बोलावून घ्यावे. ज्या पाड्यापर्यंत गाडी येत नाही, तेथून मुलास रस्त्यापर्यंत कसे न्यावयाचे, कोणाची मोटारसायकल वा जीप मिळू शकेल आणि डोंगरावर कोणत्या टेकाडावर फोन लागतो, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे. आश्रमशाळा व वसतिगृहे ह्यांमध्ये रात्रीच्या वेळेसाठी अशी व्यवस्था असणे तर अत्यावश्यक होय.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. मूल बडबडू लागले, डोळे फिरवू लागले, म्हणजे त्यास बाहेरची बाधा झाली असे घरच्यांस वाटते व ते भगताकडे जातात. अशा वेळी त्यांच्या श्रद्धेची चेष्टा केल्याने काहीच साधत नाही. शिक्षकावरील विश्वास मात्र उडतो. त्यापेक्षा गावच्या भगताची शिक्षकाने आधीच भेट घ्यावी. तापात झटका आलेले मूल आपल्या दारी आले तर प्रथम त्यास दवाखान्यात पाठवावे, एवढेच त्यांस आदराने सांगावे. गावाचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्या मुखातून हा सल्ला गेला, तर तो अधिक लवकर मानला जातो.

हा रोग एका मुलापासून दुसऱ्या मुलास शेजारी बसल्याने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही, हेही लोकांस स्पष्टपणे सांगावे. एरवी भीतीपोटी रोग्याच्या भावंडांस वर्गात वेगळे बसविण्याचे प्रकार घडू शकतात.

शाळेत परतलेले मूल

रुग्णालयातून घरी आलेले मूल बाहेरून पूर्वीसारखेच दिसते. ते चालते, बोलते, हसते. म्हणून ते पूर्वीप्रमाणे शिकेलही, अशी सर्वांची अपेक्षा असते. परंतु थोड्याच दिवसांत शिक्षकाच्या ध्यानात येते की, काल पाठ असलेला पाढा त्यास आज आठवत नाही. फळ्यावरील ओळ उतरविताना ते मध्येच थांबते. तासाभरात थकून बाकावर डोके टेकते. पूर्वी शांत असलेले मूल क्षुल्लक कारणावरून भांडते. ह्या गोष्टींस आळस, हूडपणा किंवा मंदबुद्धी अशी नावे देण्याची घाई होते. त्या दिवशी त्या मुलावर दुसरा आघात होतो, आणि तो कीटकाने केलेला नसतो.

अशा मुलाच्या बाबतीत शिक्षकाने प्रथम त्याच्या पालकांस बोलावून आजाराची सर्व हकीकत विचारून घ्यावी, व आजारापूर्वी त्यास काय काय येत होते ते मागील वर्षाच्या वह्यांवरून पाहावे. मुलाची तुलना वर्गातील इतरांशी न करता त्याच्या कालच्या प्रगतीशी करावी. एका वेळी एकच सूचना द्यावी. पाठ लहान भागांत तोडून शिकवावा आणि तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा. त्यास पुढे, फळ्याजवळ व दारापासून दूर बसवावे. मध्ये विश्रांती द्यावी. आरंभीचे काही आठवडे अर्धा दिवस शाळा पुरे. घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलली जात असेल, तर अवघड कल्पना त्याच भाषेत समजावून सांगावी, कारण आजारानंतर घरची बोली मुलास सहसा अधिक जवळची वाटते. ऐकण्यात किंवा पाहण्यात काही कमी जाणवते काय, हेही पाहावे. कारण कित्येकदा न ऐकू आल्यामुळे मूल उत्तर देत नाही, आणि आपण त्यास विसरभोळे समजतो.

पुन्हा झटके येत असल्यास डॉक्टरांनी दिलेले औषध पालकांनी मनाने बंद करू नये, ह्यावर शिक्षकाने लक्ष ठेवावे. झटका थांबला म्हणजे रोग गेला असे समजून औषध सोडणारी कुटुंबे पुष्कळ असतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास तर निघण्यापूर्वीच औषधाचा पुरेसा साठा आणि रुग्णालयाचे कागद बरोबर घेण्याची आठवण करावी.

लहान मुलाच्या मेंदूत स्वतःस सावरण्याची शक्ती मोठी असते. नष्ट झालेल्या पेशी बहुधा परत येत नाहीत. परंतु उरलेल्या पेशींमध्ये नवे संबंध जुळून गेलेले काम काही अंशी पुन्हा शिकता येते. हे जुळणे सरावाने होते, आणि तो सराव देण्याचे ठिकाण शाळा हेच आहे. सुधारणा महिन्यांच्या मापाने होते, दिवसांच्या नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलाचे नाव आवर्जून पुढे करावे, म्हणजे त्यास पुढील तपासणीचा व उपचाराचा मार्ग मिळतो. व्यंग कायमचे राहिल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये त्या मुलास शिक्षणात साहाय्य मिळण्याचा अधिकार आहे. ते नियमानुसार मागून घेणे ही दया नव्हे.

शाळेने व गावाने करावयाचे काम

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत, पण ते योग्य क्रमाने व्हावयास हवेत. पावसाळ्यापूर्वी घराच्या व शाळेच्या भिंतींतील भेगा मातीने बुजवून सारवण करून घ्यावे. कीटकनाशकाची फवारणी त्यानंतर व्हावी. फवारणी झाल्यावर लगेच भिंत सारविली, तर औषध शेणमातीखाली झाकले जाते व सर्व खटाटोप व्यर्थ होतो. ही चूक अनेक ठिकाणी होत असल्यामुळे फवारणीची तारीख आरोग्य सेवकाकडून विचारून विद्यार्थ्यांमार्फत घरोघर कळवावी. गोठा राहत्या घरापासून शक्य तितका दूर असावा; उकिरडा घराच्या भिंतीस लागून नसावा. मुलांनी जमिनीवर न निजता खाटेवर, अंग झाकून निजावे. मच्छरदाणी बारीक छिद्रांची किंवा औषध लावलेली असावी. डासांसाठी साचलेले पाणी वाहते करणे व पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करणे हे उपाय आपल्या परिचयाचे आहेतच.

परिसर अभ्यासाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून शाळेच्या भिंतींतील भेगा मोजवून घ्याव्यात, त्या कोणत्या बाजूस अधिक आहेत ते नकाशात दाखवावे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे तो नकाशा ठेवावा. ह्यातून मोजणी, निरीक्षण व आरोग्य असे तीन पाठ एकाच वेळी होतात, आणि भेगाही बुजविल्या जातात.

शेवटी एक सूचना. जे मूल तापामुळे शाळेत आले नाही, त्याच्या नावापुढे हजेरीपटात केवळ गैरहजेरीची खूण करून थांबू नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अशा मुलाची चौकशी त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी व्हावी. त्याच्या शेजारच्या मुलास विचारावे, निरोप पाठवावा, आणि शक्य असल्यास स्वतः जाऊन यावे. बहुतेक वेळा साधा तापच निघेल. ज्या एका वेळी तो साधा नसेल, त्या वेळी संध्याकाळपूर्वी केलेल्या ह्या चौकशीने मुलाचे प्राण व त्याची बुद्धी दोन्ही वाचू शकतील.